पहिलं नाव कुणाचं

"आणि कोण?"

कुणीही काहीही गाऱ्हाणं घेऊन गेलं, की आक्कांचा पहिला प्रश्न हाच. समोरच्याचं बोलणं त्या शेवटपर्यंत ऐकून घेत, मध्ये एकदाही तोंड घालत नसत. मग डाव्या हाताने चष्मा कपाळावर सरकवत, उजव्या हाताचं एक बोट वर करत आणि हे दोन शब्द विचारत. त्या बोटाचा अर्थ मला फार उशिरा कळला. ते बोट म्हणजे तुम्ही, एक. आता दुसरं बोट कुठून आणता ते सांगा, असं त्यांचं म्हणणं असे.

मी पहिल्यांदा गेले ती पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन. राजारामपुरीतली आमची इमारत तीन मजली. वरच्या मजल्यावर सकाळी सातनंतर नळाला थेंब येत नसे. आक्का तळमजल्यावर नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्या अमेरिकेत कामगारांच्या पुढारी होत्या, एवढंच मला ठाऊक होतं. म्हटलं, ओळख होईल आणि कामही होईल.

"आणि कोण?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी आणि कुणाला येत न्हाय?"

"मला येत नाही."

"ते कळलं की. आणि कोण?"

"बाकीच्यांचं मला माहीत नाही."

"किती वर्षं राहालीस हितं?"

"अकरा."

आक्कांनी चष्मा नाकावर आणला आणि मला नीट पाहून घेतलं. "मग जा, बघून ये. मी हितंच हाय."

अकरा वर्षांत मी पहिल्यांदा माझ्या मजल्यावरच्या तीन बेल वाजवल्या. एके ठिकाणी चहा झाला, दुसरीकडे बेसनाचा लाडू हातावर आला. तिन्ही घरांत पाणी नव्हतं, आणि तिघांनाही वाटत होतं की फक्त आपल्याकडेच नाही. रविवारी आम्ही चौघे मिळून सेक्रेटरींकडे गेलो. सोमवारपासून मोटार दोनदा चालू व्हायला लागली.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? मलाही तसंच वाटलं होतं. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेली बाई मी. माणसांपेक्षा पुस्तकांच्या पाठी मला जास्त ओळखीच्या. पण त्या दिवसापासून संध्याकाळी पाच वाजता मी आक्कांकडे जाऊन बसू लागले. त्या मला नावाने हाक मारत नसत. "ये लायब्ररी, बस," म्हणत.

आक्का मूळच्या शाहूवाडीकडच्या. डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं, घरात सहा भावंडं, त्यातल्या या मधल्या. कोल्हापुरात नर्सिंग शिकल्या आणि ऐन तारुण्यात अमेरिकेला गेल्या. तळ्याकाठचं एक मोठं शहर होतं, वर्षातले पाच महिने बर्फ. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या एका रुग्णालयात लागल्या. इतकी वर्षं तिकडे काढूनही बोलणं मात्र जसं नेलं तसंच परत आणलं होतं. आमच्याकडच्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात. आक्काही तशाच बोलत. मध्येच एखादं इंग्रजी वाक्य इतकं झोकात येई, की ऐकणाऱ्याला वाटावं, खोलीत दुसरं कुणीतरी आहे.

"आणि कोण?" हा प्रश्न त्यांचा स्वतःचा नव्हता. तो त्यांना भेटला होता.

त्या रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उचलून खुर्चीत बसवावं लागे. उचलायचं यंत्र तीन मजल्यांना मिळून एकच. बाकी सगळा भार बायकांच्या कमरेवर. आक्कांनी शुद्ध इंग्रजीत एक तक्रारअर्ज लिहिला आणि एकटीने सही करून साहेबांना दिला. दुसऱ्या आठवड्यात त्यांना तळघरात चादरी धुवायला पाठवलं. तिथे एक काळी, उंच, वयस्क बाई चादरींच्या घड्या घालत होती. आक्का तिच्यापुढे रडल्या. तिने हात न थांबवता विचारलं, "आणि कोण?"

"मला वाटलं, मस्करी करालीया," आक्का सांगत. "मी म्हटलं, कोण न्हाय, मीच. तर म्हणाली, मग रडू नकोस, चादर धर त्या टोकानं."

त्या प्रश्नाचं उत्तर गोळा करायला आक्कांना दोन वर्षं लागली. दोन वर्षांनी त्या रुग्णालयातल्या सगळ्या बायका दाराबाहेर बर्फात उभ्या होत्या. आक्का साडीवर पुरुषी कोट आणि कानटोपी घालून मध्यभागी. यंत्रं मिळाली, प्रत्येक मजल्याला एक. पुढे त्या तिथल्या प्रतिनिधी झाल्या आणि मग शहरातल्या सगळ्या रुग्णालयांच्या युनियनच्या अध्यक्ष. चार वेळा निवडून आल्या.

वाटाघाटींच्या गोष्टी त्या फार रंगवून सांगत. मालकांचा वकील भराभर बोलायचा, बायकांना काही कळू नये म्हणून. आक्का मान हलवून म्हणायच्या, "मला समजलं नाही, पुन्हा सांगा." तो पुन्हा सांगायचा. "अजून नाही समजलं." एकदा एकच कलम त्यांनी नऊ वेळा वाचायला लावलं.

"खरंच समजलं नव्हतं?" मी विचारलं.

"पहिल्यांदाच समजलतं. पण माझ्या मागं बारा जणी बसल्यात्या. त्यांना समजायला नको? आणि नवव्या खेपेला त्याची त्यालाच लाज वाटली."

आक्कांच्या भिंतीवर एकच फोटो होता. एका बंद फाटकासमोर उभ्या असलेल्या बायका. मी विचारलं, ही कुठली लढाई जिंकलेली? आक्का म्हणाल्या, "ही हरलेली." त्या सदतीस जणी आक्कांच्या शब्दावर कामावरून बाहेर पडल्या होत्या. त्यांतल्या एकीलाही परत आत घेतलं नाही. "जिंकलेलं ध्यानात राहतंय की. हे पुसलं जातंय, म्हणून टांगलंय."

मग इतकं सगळं सोडून इथे का आलात, असं विचारलं तर म्हणत, "तिथं तांबडा रस्सा मिळत न्हाय." यापेक्षा जास्त त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायची म्हणजे माझी चूक सांगायची, म्हणून हात रेंगाळतो आहे.

आक्कांच्या पुतण्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आम्ही दोघी साडी घ्यायला गावातल्या एका मोठ्या, तीन मजली दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. पहिल्या मजल्यावर वैशाली नावाची तिशीतली बाई साड्या दाखवत होती. हसतमुख, बोलायला चटपटीत. पंधरा-वीस साड्यांचा ढीग झाला तरी आक्का एकीकडेही बघेनात. त्या काउंटरच्या फटीतून खाली पाहत होत्या.

"पाय सुजलेत तुझे," त्या म्हणाल्या.

वैशालीचा हात थांबला.

"कवापासून उभी हायस?"

"दहापासून."

"बसत न्हाईस?"

"बसायचं न्हाय हितं, आक्का. वर कॅमेरा हाय. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. परवा एक जण भिंतीला टेकली, तर सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली."

आक्कांचा चष्मा कपाळावर गेला. मी समजून गेले. आज साडी होत नाही.

"आणि कोण?"

त्या दुकानात एकोणीस बायका होत्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांच्यातल्या चौघी माझ्या घरी आल्या. माझ्या घरी, कारण खुर्च्या माझ्याकडे होत्या. पुढच्या आठवड्यात नऊ जणी आल्या. आक्कांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दुकानाचे तीन मजले काढले आणि विचारायला सुरुवात केली. स्टूल, कॅमेरा, मालक यांतलं काहीच नाही. त्यांनी विचारलं, "डबा कोण कुणासंगं खातंय?"

बायका हसल्या. मग सांगू लागल्या. आक्का रेघा ओढत होत्या. अर्ध्या तासाने त्या कागदावर एक गंमत दिसली. सगळ्या मजल्यांवरून एकेक रेघ निघून एकाच नावाकडे जात होती. अनिता. दुसऱ्या मजल्यावर असायची, कुणाशी फारसं बोलत नसे, बैठकीला अजून एकदाही आली नव्हती. पण तिच्या डब्यातला ठेचा एकोणीसही जणी खात होत्या.

"ही येत न्हाय तवर काय करायचं न्हाय," आक्का म्हणाल्या.

"ती लई भित्री हाय, आक्का," वैशाली म्हणाली. "नवरा आजारी असतोय. तिच्याच पगारावर घर हाय."

"मग तिला भ्यायचा हक्क हाय. ती आली म्हंजे सगळ्या आल्या."

अनिता तिसऱ्या खेपेला आली. दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसली आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. आक्कांनी तिला काही विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाल्या, "ठेच्याला लसूण किती घालतीस गं?" त्यावर ती पाच मिनिटं बोलली.

मग आक्कांनी एक परीक्षा घेतली. गुरुवारी सगळ्यांनी केसांत अबोलीचा गजरा माळायचा. बस, एवढंच. पहिल्या गुरुवारी बारा जणींनी माळला. आक्का म्हणाल्या, थांबा. पुढच्या गुरुवारी सतरा. पुन्हा थांबा. तिसऱ्या गुरुवारी एकोणीस. मालकांना वाटलं, बायकांनी काही व्रत धरलं असावं. त्यांनी कौतुकाने सगळ्यांना पेढे वाटले.

"आता कागद," आक्का म्हणाल्या. "गिऱ्हाईक नसताना बसायला स्टूल द्या, एवढंच लिवायचं. आणि सह्या गोल घ्यायच्या. मध्ये ताट ठेव, कडेनं पेन्सिल फिरव, आणि त्या रेघेवर सह्या. म्हंजे पहिलं नाव कुणाचं आणि शेवटचं कुणाचं, ते कुणालाच कळत न्हाय."

त्याप्रमाणे सह्या झाल्या. स्टीलच्या ताटाभोवती एकोणीस नावं. अनिताने सगळ्यात शेवटी सही केली, उरलेल्या चिमूटभर जागेत.

पुढच्या दोन दिवसांसाठी आक्का लग्नाला गावी गेल्या. कागद पाकिटात घालून वैशालीकडे द्यायचा, एवढंच काम माझ्याकडे होतं.

मी तो कागद टेबलावर ठेवून पाहिला. काही सह्या उलट्या, काही तिरक्या. अर्ध्या नावांचा पत्ता लागत नव्हता. ज्याने तीन मजल्यांचं दुकान चालवलंय, त्याने हा कागद हातात धरून गोल गोल फिरवायचा? अशा कागदाने बायकांचंच हसं होईल, असं मला वाटलं. इतकी वर्षं मी कार्डं लावली होती. हात आपोआप चालला. एक कोरा कागद घेतला, वर 'अर्जदारांची यादी' असं लिहिलं, आणि एकोणीस नावं सुवाच्य अक्षरात, अकारविल्हे, आकडे घालून उतरवली. ती यादी अर्जाला टाचणीने जोडली आणि पाकीट बंद केलं. मला मनापासून समाधान वाटलं, हेही लिहायला हवं.

यादीत पहिलं नाव अनिताचं होतं.

मालकांनी गोल कागद बाजूला ठेवला, यादी उचलली, आणि एक नंबरला खाली बोलावलं. "तू पुढारी का?" असं विचारलं. अनिताच्या तोंडून शब्द फुटला नाही. न बोलणं म्हणजे हो, असं त्यांनी धरलं. उद्यापासून यायचं नाही, म्हणाले.

आक्का परतल्या त्या दुपारी वैशाली माझ्या दारात उभी होती. "बाई, तुमास्नी कुणी सांगितलंतं?" एवढंच ती म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी यादीची माझ्याकडे राहिलेली कच्ची प्रत आक्कांपुढे ठेवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"अक्षर सुरेख हाय तुझं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, टोमण्यानेही नाही. मग चष्मा पुसला. "वैशाली, आता स्टूल न्हाय. आता अनिता. ती आत गेल्याबिगर दुसरं काय मागायचं न्हाय. लायब्ररी, तू तिच्या घरी जा."

"आक्का, तुम्ही पण चला."

"मी कशाला? चूक तुझी हाय. तूच जा, आणि जशी केलीस तशीच सांग. सारवासारव करू नकोस."

अनिताचं घर कळंब्याच्या पुढे. पुढच्या खोलीत नवरा कॉटवर पडलेला. तिने मला आत स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि चहा ठेवला.

"माझं नाव पहिलं का घातलासा, बाई?"

"अ पहिला येतो म्हणून," मी म्हणाले. "दुसरं काही कारण नाही. सवय."

तिने गाळणीतून चहा ओतला. मग म्हणाली, "शाळेत बी असंच व्हायचं. गुरुजी पहिलं मलाच उठवायचे. पाठ असलं तरी मी गप उभी राहायचो." आणि जराशी हसली. मला ते हसू सहन होईना. मी डोळे पुसले तर तिनेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या आठवड्याच्या सुट्टीला अठरा बायका माझ्या घरात दाटीवाटीने बसल्या होत्या. लग्नसराई नुकतीच सुरू झाली होती. एकीने विचारलं, "आक्का, सगळ्यास्नीच काढलं तर?"

तुमच्या-माझ्यासारख्याने इथे धीर दिला असता. आक्का उठल्या, गुडघे धरत खाली गेल्या आणि भिंतीवरचा तो फोटो घेऊन आल्या. "काढंल. काढू शकतोय. मी खोटं सांगणार न्हाय. ह्या बघा सदतीस जणी. मी सांगितलं म्हणून बाहेर पडल्या. त्यांच्यातली एक मला परत कवा बोलली न्हाय." फोटो हातोहात फिरला. "म्हणून ह्या खेपेला मी सांगणार न्हाय. मी आणि लायब्ररी जिन्यात बसतो. तुमी ठरवा."

आम्ही दोघी म्हाताऱ्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. आतून आवाज येत होते, चढे, उतरते. कुणीतरी रडत होतं.

"नाही म्हणाल्या तर?" मी विचारलं.

"तर न्हाय. मग अनितासाठी दुसरं काम बघायचं, तू आणि मी. कोल्हापूर काय ल्हान हाय?"

"आणि हो म्हणाल्या तर?"

"तर तुला लई लिवायला लागंल."

तासाभराने दार उघडलं. वैशाली म्हणाली, "बाई, कोरे कागद काढा."

युक्ती त्यांचीच होती. आक्कांची नाही, माझी तर नाहीच. मालकांना पहिलं नाव हवंय ना? मग देऊ. मी त्या दुपारी आणि पुढच्या सबंध सकाळी बसून अठरा अर्ज लिहिले. मजकूर एकच : अनिताला परत घ्या आणि आम्हाला बसायला स्टूल द्या. खाली नावं एकोणीस. पण प्रत्येक अर्जात पहिलं नाव वेगळं. इतकं मन लावून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

बुधवारी साडेदहाला वैशालीने पहिला कागद मालकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "एक नंबर मी हाय, शेठ." ती वर जाऊन आपल्या काउंटरला उभी राहिली. अकराला दुसरी गेली. "एक नंबर मी हाय." साडेअकराला तिसरी. काम एक क्षणही थांबलं नाही, साड्या उलगडत होत्या, घड्या होत होत्या. फक्त दर अर्ध्या तासाला एक बाई जिना उतरत होती. संध्याकाळी सातपर्यंत टेबलावर अठरा कागद होते.

आणि आक्का? त्या दुकानासमोरच्या फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी शेजारी छत्री धरून. दुपारी मालक बाहेर आले. चाळिशीचे, नीटनेटके, बोलायला सभ्य.

"पावणं, तुमचं काय काम आहे हितं?"

"साडी घ्यायची हाय. अजून पसंत पडंना."

"आक्का, मला सगळं कळतंय. तुम्ही शिकवलंय ह्यांना. ही अमेरिका नव्हे, कोल्हापूर आहे."

"व्हय की. म्हणून तर निवांत बसलोय. तिकडं बर्फ असतंय."

मालकांनी मग समजावलं. उभं राहणं ही गिऱ्हाइकाला दिलेली इज्जत असते, बसलेली बाई आळशी दिसते, दुकानाची एक रीत असते. आक्का मान हलवून ऐकत होत्या.

"मला समजलं न्हाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

मालकांनी पुन्हा सांगितलं. रस्त्यावरची चार माणसं थांबली.

"पाय सुजलेली बाई इज्जत देती आणि बसलेली देत न्हाय, ते कसं? पुन्हा सांगा."

तिसऱ्यांदा सांगताना मालकांचा आवाज पडला. घोळक्यातली एक म्हातारी म्हणाली, "अहो, बसू द्या की! आमी गिऱ्हाइकं बसतोय, त्यास्नी काय पाय न्हाईत?" मालक आत गेले.

दुसरा दिवस तसाच गेला. अठरा जणींनी आपापले कागद पुन्हा मागून घेतले आणि पुन्हा एकेक करून दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी कुणालातरी स्कूटरवरून कळंब्याला पाठवलं. दुपारी बाराला अनिता दुकानाची पायरी चढली. आमच्यासमोर ती क्षणभर थांबली. हातातली डब्याची पिशवी तिने सावरली. आक्कांनी खुर्चीची घडी केली. "चल लायब्ररी. ऊन लागालंय."

घरी आल्यावर त्या आडव्या झाल्या आणि चार दिवस उठल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की त्या कशाने आजारी आहेत, आणि हे त्यांना अमेरिका सोडण्याआधीपासून माहीत होतं. मी रागावले. त्या म्हणाल्या, "तुला सांगून तू काय केलं असतंस? यादी?" मग दोघी हसलो. हसता हसता त्यांना धाप लागली.

पुढे त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, तिथे बायका भेटायला यायच्या. स्टुलांबद्दल मालक नुसतं 'बघू' म्हणत होते. वैशालीने विचारलं, "आक्का, आता पुढं काय करायचं?"

"मला का विचारालाय? मी तुमच्या दुकानात कामाला हाय व्हय?"

त्यांनी तोंड फिरवून घेतलं. मला त्या वेळी ते फार कठोर वाटलं. वैशालीचा चेहरा पडला होता. पण त्यानंतर त्या बायकांनी आक्कांना काही विचारलं नाही. आपापसांत बोलल्या, तिघी-चौघी स्वतः जाऊन मालकांशी बोलल्या, दोनदा परत आल्या, तिसऱ्यांदा गेल्या. दिवाळीआधी एका सकाळी टेम्पोतून एकोणीस निळे स्टूल आले. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायला परवानगी.

आणि कुणीच बसेना.

आठवडाभर ते स्टूल काउंटरमागे तसेच. मालक जिना चढले की सगळ्या आणखी ताठ उभ्या राहायच्या. कुणी स्टुलावर घड्या ठेवायला लागलं, कुणी पर्स. वैशालीने हे येऊन सांगितलं तेव्हा आक्कांना बोलणंही जड जात होतं. तरी त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "साड्यांस्नी बसवलं व्हय," त्या म्हणाल्या. नंतर डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "बसतील. दमल्या की बसतील."

दोन दिवसांनी, दुपारी, आक्का गेल्या. पुतण्यांनी त्यांना गावी नेलं. भाताची कापणी चालू होती. माणसं विळे ठेवून आली आणि परत कामाला गेली. अमेरिकेतून कुणी आलं नाही. फोन मात्र पुष्कळ आले. पुतण्याने ते माझ्याकडे दिले, इंग्रजी बोलायला. एक आवाज फार म्हाताऱ्या बाईचा होता. मी तिला म्हटलं, भात पिकलंय, ऊन छान आहे. ती म्हणाली, बरं झालं, तिला थंडी सोसायची नाही.

आठ दिवसांनी मी दुकानात गेले. घेण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांना एकदा भेटावं असं वाटलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. पहिल्या मजल्यावर वैशालीने मला पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि वर खूण केली.

मी दुसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. अनिता काउंटरमागे स्टुलावर बसली होती. पाठ सरळ, मांडीवर एक साडी, हात घडी घालण्यात गुंतलेले. बाकीच्या पाच जणी आपापल्या स्टुलाशेजारी उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या.

माझ्या मागून जिन्यावर बुटांचा आवाज आला. मालक होते. मी कठड्याला सरकून त्यांना वाट दिली.

अनिताने मान वर केली. तिच्या टाचा उचलल्या गेल्या, एका हाताने तिने स्टुलाची कड धरली. मालक तिच्यासमोरून दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. पंख्याच्या वाऱ्याने काउंटरवरच्या साडीचा पदर फडफडत होता.

मग तिच्या टाचा हळूच खाली टेकल्या. तिने साडीची घडी पुरी केली, हाताने दाबून सपाट केली, आणि बसल्या बसल्याच दुसरी साडी ओढून घेतली.